मूतखड्याबद्दल कोणी विचारलं नाही

बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आई वऱ्हाडी बोलायची आणि जिन्यावरच्या बाकीच्या बायका पुणेरी. अकोल्याची सूतगिरणी बंद पडली तेव्हा बाबा सातारा रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि वर्षभराने आम्हा दोघांना घेऊन आले. भावंड मला नव्हतं. आईने "मले काय माहीत" म्हटलं की समोरच्या काकू हसून "मले नाही हो, मला" अशी दुरुस्ती करायच्या. आई कणीक मळता मळता म्हणायची, "तुमाले समजलं ना? मंग झालं." काकू आपल्या दाराकडे वळायच्या. पुण्यात कमी शब्दांत माणसाला गप्प करण्याची कला आहे म्हणतात, पण ती आई बाहेरूनच शिकून आली होती.

सकाळी पाचच्या सुमाराला बाबांचा रेडिओ सुरू व्हायचा, मग आंघोळीच्या पाण्यासाठी पेटवलेल्या स्टोव्हचा फर्र आवाज, आणि उजाडलं की आजूबाजूच्या नव्या इमारतींवर फरशी कापायची यंत्रं किंचाळायला लागायची. तेव्हा सगळीकडे काहीतरी बांधलं जात होतं. काल ज्या जागेवर म्हशी बसलेल्या असायच्या, तिथे आज फ्लॅटचा बोर्ड. या गोंगाटात आई पातोड्यांची रस्साभाजी करायची, कढीगोळे करायची, आणि रविवारी चुलीवर भाजल्यासारखी चव यावी म्हणून वांगी थेट गॅसवर ठेवून सगळ्या घरात धूर करायची. बाबांना रक्तदाब निघाला तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना साधं मीठ सोडून ते कमी सोडियमचं, महागडं मीठ खायला सांगितलं. आईने सगळ्या घराचंच मीठ बदललं. एका घरात दोन मिठं कशाला, असं तिचं म्हणणं. त्या मिठाला मागून किंचित कडवट चव यायची. पुढेपुढे आम्हाला ती जाणवेनाशी झाली.

मी तोवर कमवायला लागले होते. नदीपलीकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम होतं. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम हरतऱ्हेने चालवून तो कुठे मोडतो हे शोधायचं. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, न्यायला-आणायला कंपनीची गाडी. बाबा कारखान्यात सांगायचे, "आमचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे." त्यातला कॉम्प्युटर खरा होता.

मी मुलगी आहे हे मला कधीपासून माहीत होतं, असं लोक मला आजही विचारतात. तुम्हाला तुमचं कधीपासून माहीत होतं, असं मी त्यांना उलट विचारत नाही, कारण उगाच भांडण होतं. एवढंच सांगते की माझं रेवती हे नाव मी शाळेतच ठरवलं होतं आणि पंचविशीपर्यंत ते एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मग सायबर कॅफे आले. प्लायवूडच्या खोक्यात पडदा ओढून बसलं की जगात आपल्यासारखी माणसं आहेत हे कळायचं. त्यातल्या काही जणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेत होत्या. एक गोळी शरीरातल्या पुरुषी संप्रेरकाचा जोर कमी करते, दुसरी बाईचं संप्रेरक देते. पहिल्या गोळीबद्दल त्या सगळ्याजणी एक गोष्ट सारखी सांगायच्या की स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरकडे जा.

म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण पुढे मला कित्येकांनी सुनावलं की असली औषधं चोरून घेतली की असंच होणार. मी चोरून घेतली नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी लग्नाचा सल्ला दिला. दुसऱ्यांनी माझ्याकडे न पाहता "हा दवाखाना सभ्य लोकांचा आहे" म्हटलं. तिसरे चांगले होते, पण घाबरले आणि मला यातलं काही कळत नाही असं सरळ म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. न कळणाऱ्याने नाही म्हणावं, यात गैर काय आहे? माझा राग आहे तो चौथ्यांवर.

त्यांचा दवाखाना शहराच्या मध्यवस्तीत दुसऱ्या मजल्यावर होता. ग्रंथींच्या विकारांतलं मोठं नाव. बाहेरच्या खोलीत पाटी होती, "आपले निदान आपणच करून आला असल्यास डॉक्टरांचा वेळ घेऊ नये." मी आत जाऊन, तोंडपाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"मग उद्या तुमचे वडील माझ्या दारात येऊन उभे राहिले तर?"

"नाही येणार."

"लग्न कोणाशी करणार पुढे? बाईशी की बाप्याशी?"

या प्रश्नाचा माझ्या औषधाशी काय संबंध, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण मला गोळी हवी होती, म्हणून मी खाली मान घालून बसले. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला. समोर त्यांच्या नावाचं पॅड पडलेलं होतं, ते बाजूला सारलं, आणि दोन औषधांची नावं लिहिली. पहिलं सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गोळ्या.

"काही तपासण्या करायच्या का, डॉक्टर? रक्ताच्या वगैरे?"

"कसल्या तपासण्या? तुम्ही इंटरनेटवर वाचून आलात ना, तुम्हाला सगळं माहीतच असणार." मग घंटी वाजवून म्हणाले, "पुन्हा आला नाहीत तर बरं. औषध तेच चालू ठेवा."

रक्तदाब मोजायचं यंत्र टेबलावर होतं. त्याची पट्टी गुंडाळलेली होती, ती त्यांनी उलगडलीसुद्धा नाही. मी आठवीत असताना अकोल्याला माझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. डाव्या बाजूचं मूत्रपिंड तेव्हापासून अर्धंमुर्धंच काम करायचं. कुशीवर वीतभर व्रण होता. शर्ट वर करायला सांगितलं असतं तर आंधळ्याच्याही हाताला लागला असता. पण शर्ट वर करायला सांगायचं म्हणजे मला हात लावावा लागला असता. पुरुषी संप्रेरक रोखणारी ती पहिली गोळी शरीरातलं पोटॅशियमही अडवून धरते आणि आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, हे त्या बड्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. त्यांना माहीत होतं. फक्त ते माझ्यासाठी वापरावं असं त्यांना वाटलं नाही.

पहिले काही महिने मी आनंदात होते, खोटं कशाला सांगू. दाढीचा राठपणा कमी झाला. अंगाला येणारा तो जुना, परका वास गेला. छातीत दुखरी गाठ आली तेव्हा बाथरूममध्ये नळ मोठा सोडून मी हसत बसले होते. पण उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, सारखी तहान लागायची, सारखं लघवीला जावं लागायचं. ऑफिसात एक प्रोग्राम गिऱ्हाइकाला पाठवण्यापूर्वी आम्ही चार जण आठवडाभर त्याच्यावर डोकं आपटायचो, आणि माझ्या रक्ताचा एक थेंब कोणी पाहिला नव्हता. मला वाटायचं, बाई व्हायचं तर एवढं सोसायलाच हवं. हे वाटणं माझ्या डोक्यात कोणी घातलं? आपल्याला औषध मिळालं हेच उपकार, वर नीट मिळावं ही अपेक्षा कशाला, असं आमच्यासारख्यांना वाटायला लावणारी एक अख्खी व्यवस्था आहे. मी आता पन्नाशी ओलांडली आहे, आणि आजही एखादी विशीतली पोर मला फोन करून विचारते, "ताई, डॉक्टर टेस्टचं काही बोललेच नाहीत, मी विचारलं तर चिडतील का?" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आईला दिसत होतं की मी वाळत चालले आहे. तिच्या मते अशक्तपणावर तीनच औषधं. शहाळं, केळ्याचं शिकरण आणि टोमॅटोचं सार. ती भाजीसाठी मंडईला गेली की परतताना स्वारगेटला उतरून शहाळी घ्यायची, ती पिशवीत घालून बिबवेवाडीपर्यंत आणायची आणि समोर बसून प्यायला लावायची. मी आनंदाने प्यायचे. या तिन्ही गोष्टींत पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते कमी सोडियमचं मीठ तर जवळजवळ त्याचंच बनलेलं असतं. घरातली माझ्यावर सगळ्यात जास्त माया करणारी बाई रोज मला प्रेमाने तेच भरवत होती, जे माझं शरीर बाहेर टाकू शकत नव्हतं. तिला हे कोण सांगणार होतं? मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात मला जुलाब आणि उलट्या झाल्या. अंग ठणकत होतं म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. हॉर्मोनच्या गोळ्या मी चुकवल्या नाहीत. एक दिवस चुकला तर सगळं उलटं फिरेल अशी भीती वाटायची. आई शहाळ्यांवर शहाळी फोडून आणत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून पाय उचलता येईनात. दुखत नव्हते, नुसते माझे उरले नव्हते. छातीत ठोका पडायचा, मग पुढचा पडायला विसरायचा. बाबांनी रिक्षा बोलावली आणि जिन्यावरून मला पाठीवर घेऊन उतरवलं.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथल्या तातडीच्या विभागात कार्डिओग्राम काढायला एक माणूस आला, त्याने शर्टाची बटणं काढली आणि थांबला. पट्ट्या तशाच हातात धरून तो पडद्याबाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन शिकाऊ डॉक्टर होते. मग आणखी एक आली. मी डोळे मिटून पडले होते, पण कान मिटता येत नाहीत. "हे काय आहे?" "कुठल्या वॉर्डला पाठवायचं?" "फॉर्मवर मेल लिहू की फीमेल?" कोणीतरी खुदकन हसलं. माझं हृदय एक एक ठोका गाळत होतं आणि चार शिकलेली माणसं माझ्या छातीकडे बघत उभी होती. मशीन बाजूला होतं. त्याच्या वायरी लोंबत होत्या.

मग पडद्याच्या चपट्या कड्या खळकन वाजल्या आणि आई आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिनेही ते पाहिलं, पहिल्यांदाच. मला वाटलं आता हीसुद्धा थांबणार. ती त्यांच्याकडे वळली.

"पाहून झालं असंन तर आता मशीन लावा."

"बाई, तुम्ही बाहेर थांबा."

"माझं लेकरू मरून रायलं अन् तुमी पाहून रायले. लावा मशीन. मी नाई जात."

मशीन लागलं. कागद बाहेर आला आणि त्या शिकाऊ मुलीचा चेहरा उतरला. त्यानंतर सगळे पळायला लागले. कॅल्शियमचं इंजेक्शन, मग साखरेच्या सलाइनमधून इन्शुलिन, रक्त तपासायला धावणारी माणसं. पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कोणत्याही क्षणी थांबलं असतं, असं पुढे कळलं. पळता येत होतं त्यांना. आधी कोणी पळालं नव्हतं इतकंच.

संध्याकाळपर्यंत मी वाचणार हे नक्की झालं. मग वॉर्डचा प्रश्न निघाला आणि तो सुटेना, म्हणून माझी खाट पॅसेजमध्ये ऑक्सिजनच्या नळकांड्यांशेजारी लावली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "हे लोक असली औषधं खातात, मग आमच्या माथी येतं." हे लोक.  घरी गेल्यावर बोलू, एवढंच बाबा मला म्हणाले, आणि पुढची सहा-सात वर्षं त्या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत. पण त्या दोन रात्री ते खुर्चीवरून हलले नाहीत, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाच्या डॉक्टर आल्या. सबनीस बाई. काटकुळ्या, घाईत असलेल्या, आवाज कोरडा. त्यांनी आधी माझं नाव विचारलं. फायलीतलं सांगितलं तर म्हणाल्या, "ते वाचलं मी. तुम्हाला काय म्हणू?"

मी आईकडे पाहिलं. मग म्हटलं, "रेवती."

"बरं, रेवती. आईंसमोर बोलू की त्यांना बाहेर बसवू?"

एवढा साधा प्रश्न मला त्याआधी कोणत्याही डॉक्टरने विचारला नव्हता. मी म्हटलं, समोर बोला. त्यांनी कुशीवरचा व्रण पाहिला, बोट फिरवलं, आणि आईलाच विचारलं, "मूतखडा?" आईने सगळी हकीकत सांगितली. मग त्यांनी खाणंपिणं विचारलं, आणि शेवटी मीठ कुठलं वापरता ते विचारलं. आईच्या लक्षात येत गेलं तसा तिचा आवाज बारीक झाला.

"म्हंजे म्याच..."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही आईसारखं वागलात. गोळी लिहिताना सांगायचं काम ज्याचं होतं, त्याने सांगितलं नाही. आणि रेवती, ती गोळी विष नाही. कितीतरी जणी ती वर्षानुवर्षं नीट घेतात. सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि पोटॅशियम तपासायचं, सुरू केल्यावर थोड्या आठवड्यांनी पुन्हा, मात्रा वाढवली की पुन्हा. रक्तदाब बघायचा. जुलाब-उलट्या झाल्या की थांबवून डॉक्टरांना गाठायचं. वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. तुमच्या मूत्रपिंडाला मात्र ती चालणार नाही. दुसरं औषध आहे, अगदी कमी मात्रेत देता येतं. त्याला यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, त्या नीट करतील."

मी रडायला लागले. मला वाटलं होतं, आता सगळं बंद करा म्हणतील. पुढे त्या दुसऱ्या डॉक्टरांनी खरंच नीट केलं. कसब्यातल्या एका लॅबमध्ये मी नियमाने रक्त द्यायला जायचे, आणि काही वर्षांनी पुरुषी संप्रेरक तयार करणाऱ्या ग्रंथी काढायचं ऑपरेशन झाल्यावर ते अडवणाऱ्या औषधाची गरजच उरली नाही. म्हणजे हे करता येत होतं. पुण्यातच, त्याच वर्षी, त्याच औषधांच्या दुकानांतून. फक्त कोणीतरी मला माणूस समजून तपासायला हवं होतं.

घरी येऊन दोन-तीन दिवस झाले. मग एका सकाळी आई नऊवारी नेसून तयार झाली आणि म्हणाली, "चाल. त्या डॉक्टरचं घर दाखव मले." घर नाही, दवाखाना, असं मी म्हटलं. "तेच."

बाहेरच्या मुलीने अपॉइंटमेंट आहे का विचारलं. आतला पेशंट बाहेर पडला तशी आई सरळ आत शिरली आणि खुर्चीवर बसली. मी मागे उभी राहिले. डॉक्टरांनी मला ओळखलं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी काय झालं ते सांगितलं.

"मी असलं काही लिहून देत नाही," ते म्हणाले. "माझ्या लेटरहेडवर आहे का?"

"नाही. तुम्ही मुद्दाम कोऱ्या कागदावर दिलंत."

"मग झालं तर." आणि ते आईकडे वळले, अगदी समजुतीच्या सुरात. "हे पाहा बाई, तुमचा मुलगा मनाने आजारी आहे. त्याला मानसोपचारांची गरज आहे. मी दयेपोटी..."

"बिमार होता म्हणता?"

"हो. दुर्दैवाने."

"मंग तपासलं काऊन नाई?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अन् बिमार नव्हता," आई म्हणाली, "तर गोळी कायले देली?"

त्यांनी घंटीवर हात ठेवला. ती वाजवली, पुन्हा वाजवली. "आपण आता जाऊ शकता," ते म्हणाले. आपण म्हणाले. पुणेरी माणूस घालवून देतानाही आदरार्थी बोलतो.

तक्रार जिथे करायची तिथे आम्ही केली. पुरावा नसल्याचं उत्तर आलं. पुढे कधीतरी त्यांचा जाहीर सत्कार झाल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं, शाल आणि हसरा फोटो. मला लोक सांगतात, आता सोडून दे, इतकी वर्षं झाली. मी सोडलेलं नाही. ज्या दिवशी शेवटची पोर मला विचारायचं थांबेल की डॉक्टर चिडतील का, त्या दिवशी विचार करीन.

त्या सकाळी मात्र जिना उतरताना आई मधल्या वळणावर पायरीवरच बसली. मी तिच्या शेजारी बसले. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. एक माणूस आम्हाला वळसा घालून वर गेला. तिने पदराने तोंड पुसलं.

"सारे जण काय काय बोलले," ती म्हणाली. "पण तुले कोणी इचारलंच नाई. म्या बी नाई. खरं सांग, तुले हे पायजे हाय का?"

"पाहिजे."

"कोणाचं पाहून नाई ना?"

"नाही, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. कोणाला तरी ओळखायचा प्रयत्न करावा तशी. मग भिंतीला हात टेकून उठली, पदर खोचला आणि पुढची पायरी उतरता उतरता म्हणाली,

"मंग नीट घे."